आवाज फाटतो तिथून

लग्नाच्या मांडवात वायरी जोडून झाल्या की साउंडवाला आधी एकच गोष्ट बघतो, आवाज फाटतोय का. ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणत तो अँप्लिफायरची कळ पुढे पुढे फिरवतो आणि कर्णा खरखरला की थोडा मागे येतो. शिरूरच्या बाजारपेठेपासून दौंडच्या रेल्वे वसाहतीपर्यंत कुणालाही विचारा, ‘आवाज फाटणं’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. हार्ड रॉक या संगीताची ओळख करून द्यायला मला याहून जवळचा शब्द सापडला नाही. साउंडवाला जिथून मागे येतो, तिथून हे संगीत सुरू होतं.

हे पुस्तक एका अल्बमबद्दल आहे. मुंबईच्या रॉक मशीन या बँडचा १९८८ साली आलेला पहिला अल्बम, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. लेखक शिरूरचा, मी दौंडचा. आमच्या दोघांच्या मध्ये शिरूर-न्हावरा-चौफुला हा उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला रस्ता. प्रस्तावना लिही म्हणून तो आला तेव्हा मी त्याला म्हटलं, ज्याने आयुष्यात एकदाही हार्ड रॉक ऐकलेलं नाही, असा वाचक डोळ्यांसमोर ठेवून मी लिहिणार. गाण्यागणिक विवेचन पुढच्या प्रकरणांत आहेच. मला फक्त रान तयार करून द्यायचं आहे.

तर आधी हे फाटणं. अँप्लिफायरला झेपेल त्यापेक्षा मोठा आवाज त्याच्यात घातला की ध्वनीच्या लाटेचे माथे छाटले जातात. गोल डोंगराचं पठार व्हावं तसं. या छाटणीतून मूळ सुरात नसलेले वरचे सूर तयार होतात आणि आवाज जाड, खरबरीत, भरलेला लागतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गिटारची तार छेडली की तिचा सूर लगेच विझायला लागतो. सनईसारखा तो धरून ठेवता येत नाही. फाटलेल्या आवाजात मात्र सूर टिकतो, लांबतो, आणि वादकाला तो वाकवता येतो. जो दोष म्हणून वर्षानुवर्षं टाळला जात होता, तो १९६०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या गिटारवाल्यांनी मुद्दाम मागून घेतला. तिथून गिटार साथीचं वाद्य राहिली नाही.

या आवाजाला एक हाड असतं, त्याला रिफ म्हणतात. रिफ म्हणजे चार-सहा सुरांची एक छोटी घडण, जी गाणंभर पुन्हा पुन्हा येते आणि गाण्याचं वजन पेलते. आपल्याकडे लेहरा तबल्याला धरून ठेवतो, तशी रिफ सगळ्या बँडला धरून ठेवते. फरक इतकाच की लेहरा मागे राहतो आणि रिफ पुढे उभी असते. मला रिफ कळली ती दौंड स्टेशनात. नगरकडून येऊन पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची दिशा दौंडला बदलायची. इंजिन सुटायचं, वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि तेवढ्यात अख्खी गाडी चहा पिऊन घ्यायची. बाहेरून कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांचं हे थांबणं गेलं. पण माझ्या लहानपणी डब्ल्यूडीएम-२ जातीचं, सोळा सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन फलाटाला उभं असायचं आणि त्याची धडधड पायाखालच्या फरशीतून पोटऱ्यांत चढायची. कानाने ऐकण्याआधी अंगाने ऐकायचं, हे मी तिथे शिकलो. दौंड-मनमाड मार्ग १८७८ पासून आहे. रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाला खालच्या सुरांची भीती वाटत नाही.

या संगीताचा जन्मही कारखान्यांच्या गावातला आहे, आणि ही गोष्ट रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम म्हणजे लोखंड आणि पत्र्याचं शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. आपल्या भागात पॉवर प्रेसवर बोट गेलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. अशा अपघातानंतर घरात काय होतं, हेही आपण पाहिलेलं असतं. आयोमीच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजलेल्या हाताने, डाव्या हाताच्या दोनच बोटांवर सुरावटी काढणारा तो गिटारवादक. ती ऐकून आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, वर चामडं लावलं. नेहमीच्या तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या हलक्या तारा गिटारला चढवल्या. पुढे तारा सैल सोडल्या, त्यामुळे सूर खाली उतरला आणि आवाज आणखी जड झाला. त्याच्या बँडचं नाव ब्लॅक सॅबथ. त्यांचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात, सुमारे बारा तासांत मुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आला. लेड झेपलिन या दुसऱ्या इंग्लिश बँडच्या पहिल्या अल्बमला साधारण छत्तीस तास लागले होते. एवढ्या थोड्या वेळात काम होण्याचं कारण सरळ आहे. ती गाणी क्लबांतून वाजवून वाजवून घट्ट झालेली होती. स्टुडिओत जाऊन त्यांनी फक्त टेप चालू करायला सांगितलं. त्यातही एक-दोन गाणी इतरांची होतीच, पण पाया स्वतःचा होता.

हा मुद्दा लक्षात ठेवावा. मुंबईतली गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे.

त्या गोष्टीकडे जाण्याआधी मला बेंजोबद्दल लिहायचं आहे. बर्मिंगहॅमच्या त्या तारा ज्या बँजोच्या होत्या तो वेगळा. आपला बेंजो वेगळा. १९१२ मध्ये जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं. लाकडी पेटी, त्यावर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. ते भारतात आलं आणि बुलबुलतरंग झालं. मग कुणीतरी, कुठेतरी, त्याच्या तारांखाली पिकअप बसवला, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारं लोहचुंबकाचं वेटोळं, आणि वायर अहुजाच्या अँप्लिफायरला लावली. गाडीवर कर्णे बांधले. सोबत ताशा, ढोलकी, खुळखुळा. ही आपली बेंजो पार्टी. इलेक्ट्रिक गिटारचं शास्त्र आणि बेंजोचं शास्त्र एकच आहे, आणि वरातीत कळ शेवटपर्यंत फिरवलेली असते म्हणून आवाजही तसाच फाटलेला. दौंड तालुक्यातला माणूस ‘आम्हाला ते इंग्रजी कर्कश्श काही कळत नाही’ म्हणतो तेव्हा मी त्याला हेच सांगतो. तुमच्या दारावरून हा आवाज दर लग्नसराईत जातो. तुम्ही त्याच्यापुढे नाचलेले आहात.

आमचे चुलते बेंजो वाजवायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. थंडीत गुऱ्हाळावर गुळव्या आणि उन्हाळ्यात वराती. काहिलीतला रस उकळत असताना, चुलवाणाच्या उजेडात ते मांडीवर बेंजो घेऊन बसत. वीज न जोडलेला, म्हणून आवाज बारीक, डासासारखा. तिथे त्यांनी एक धून बसवली होती. ती कुठल्याही पिक्चरची नव्हती. तिला नाव नव्हतं, शब्द नव्हते. सुरुवातीला एक पाच सुरांची घडण होती आणि ती फिरून फिरून यायची, दर फेरीला थोडी वेगळी होऊन. आज मी तिला निःसंकोच रिफ म्हणेन. एका वरातीत, बहुधा १९८७ च्या उन्हाळ्यात, त्यांनी ती धून पहिल्यांदा कर्ण्यावर वाजवली. मी गाडीच्या मागे चालत होतो. दोनएक मिनिटं झाली असतील. नाचणारी पोरं थबकली, एकमेकांकडे बघायला लागली, आणि वऱ्हाडातला कुणीतरी मोठा माणूस गाडीजवळ येऊन म्हणाला, ‘ओळखीचं वाजवा की.’ तो रागाने बोलला नव्हता. सुपारी त्याने दिली होती आणि पोरांना नाचायचं होतं. तात्यांनी मान हलवली आणि त्या वर्षी जे गाणं सगळीकडे चालत होतं ते सुरू केलं. त्या घटनेनंतर ती धून मी वरातीत कधीच ऐकली नाही.

‘ओळखीचं वाजवा’ हे वाक्य मुंबईच्या रॉकच्या पहिल्या वीस वर्षांवर लिहिलेलं आहे. इतिहास थोडक्यात सांगतो, पुस्तकात तो सविस्तर आहे. ‘सिमला’ नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरणाऱ्या सिमला बीट स्पर्धेतल्या बँडांच्या ध्वनिमुद्रिका १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. १९७१ मध्येच ‘हरे रामा हरे कृष्णा’मधून इलेक्ट्रिक गिटार खेड्यापाड्यांत पोचली, ते श्रेय राहुल देव बर्मन यांचं आणि ती वाजवणाऱ्या भूपिंदर सिंग यांचं. ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी पुन्हा मुद्रित करून गेले. ती अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडलं. अॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडचा ‘ऑब्सेशन ७७’ हा एकुलता अल्बम, नावात ७७ असूनही, १९८१ मध्ये आला.

या सगळ्यात मराठी वाचकाने एका माणसापाशी थांबावं, नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी रंगभूमीच्या घरातला. वेल्वेट फॉगसारख्या रॉक बँडमध्ये गाणारा, आणि १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या संगीत नाटकात जुडास गाजवणारा. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनात उभं केलं, तेव्हा त्याच्या संगीतात आणि रंगमंचावरही नंदू भेंडे होते. ज्या तमाशाची ढोलकी आमच्या चौफुल्याच्या कलाकेंद्रांत रोज वाजते, तिच्या शेजारी रॉकचा गळा उभा राहिला. मला हा क्षण मराठी संगीताच्या इतिहासात फार मोठा वाटतो आणि त्यावर जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलं नाही, याचं वाईट वाटतं. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले.

रॉक मशीन १९८४ मध्ये मुंबईत जमला. पहिल्या अल्बमच्या काळापर्यंत त्याचा सहा जणांचा संच स्थिरावला होता : गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बास गिटारवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मिनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. नावं मोठ्याने वाचून पाहावीत. कोकणी, गुजराती, ख्रिस्ती, पारशी, सगळी मुंबई एका पंगतीत बसल्यासारखी वाटते. १९८६ पासून मुंबईत स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव भरायला लागला. धोबी तलावजवळचं रंगभवन हे उघडं नाट्यगृह म्हणजे या मंडळींची पंढरी. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि तिथली रात्र संपली. पण त्या काळात हजारो मुलं तिथे जमत, आणि त्यांना ऐकायची असत ती डीप पर्पलची, लेड झेपलिनची, आयर्न मेडनची गाणी. परदेशी बँड इथे क्वचितच येत. रेकॉर्ड मिळत नसत. वाद्यांच्या आयातीवर जबर कर. अशा वेळी समोरचा बँड हुबेहूब वाजवतो का, हीच कसोटी असायची. जो जास्त हुबेहूब तो जास्त मोठा. श्रोत्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. ज्याला मूळ ऐकायला मिळत नाही तो नकलेवर जीव टाकतोच. पण त्या गर्दीपुढे उभं राहून ‘आता आमचं गाणं’ म्हणणं किती अवघड होतं, हे मला त्या वरातीमागे चालल्यामुळे कळतं.

रॉक मशीनने ते म्हटलं. मंचावर हळूहळू स्वतःची गाणी वाढवली आणि मग सगळी स्वतःची गाणी घेऊन स्टुडिओत गेले. आता मघाचा मुद्दा. बर्मिंगहॅमच्या मुलांनी स्टुडिओत जाऊन मंचावरचं संगीत टेपवर उतरवलं. मुंबईच्या मुलांना मंचावरच्या संगीतापासून स्वतःला सोडवून घेऊन स्टुडिओत जावं लागलं. जी गाणी टाळ्या मिळवून देत होती ती बाहेर ठेवायची आणि ज्यांना अजून कुणी ओळखत नाही ती आत न्यायची. त्यात मुंबईचे स्टुडिओ सिनेमाच्या गाण्यांवर पोसलेले. तिथे गाणं म्हणजे पुढे गळा, मागे व्हायोलिनांचा ताफा, आणि स्वच्छ, न फाटलेला आवाज. मुद्दाम फाडलेली गिटार नीट मुद्रित करणं ही वेगळीच विद्या होती, आणि ती शिकवायला शेजारी कुणी नव्हतं.

म्हणून ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ऐकताना मी वाचकांना एक विनंती करतो. त्यात १९८०च्या दशकातल्या अमेरिकी हार्ड रॉकची छाप आहे. काही ठिकाणी ती दाट आहे. पहिल्या ऐकण्यात तीच कानात भरेल, आणि कुणी म्हणेल की हे तर त्यांचंच. तसं म्हणून थांबू नये. नक्कल करणारा बँड आणि स्वतःचं गाणं रचताना उसनी भाषा वापरणारा बँड यांत मोठं अंतर असतं. पहिल्याला गाण्याचा शेवट आधीच ठाऊक असतो. दुसऱ्याला तो शोधावा लागतो. या अल्बममध्ये दोन गिटार एकमेकींना जागा करून देतात तिथे, कीबोर्ड मागून आभाळ पसरतो तिथे, बेनेगल यांचा गळा वरच्या सुरावर जाऊन क्षणभर सावध होतो तिथे, हा शोध ऐकू येतो. पुढच्या ‘द सेकंड कमिंग’ या १९९० च्या अल्बममध्ये हात अधिक बसलेला आहे. तरीही मला पहिलाच जवळचा. पहिल्यात माणसं उंबरठ्यावर उभी आहेत.

गाणी इंग्रजीत का, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. त्या मुलांची बोलण्याची, स्वप्न बघण्याची भाषा इंग्रजी होती, म्हणून. त्यांनी मराठीत गायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. आपल्यातल्या कुणीतरी मराठीत गायला हवं होतं, हे मात्र म्हणतो, आणि ते दौंडच्या किंवा शिरूरच्या मुलामुलींना उद्देशून म्हणतो. फाटलेला आवाज आपल्याकडे आहे. कारखाने आहेत, रेल्वे आहे, दुष्काळ आणि ऊस शेजारी शेजारी आहेत. घोडनदीच्या काठावर बसून गायला विषय कमी पडणार नाहीत.

बँडची पुढची कथा धावती सांगतो. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं, १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बँड थांबला, २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला.

त्यांचा तो पहिला अल्बम माझ्यापर्यंत कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवर आला. रेल्वे वसाहतीतल्या एका मित्राचा मोठा भाऊ मुंबईला होता, त्याने आणली. आवाज आधीच फाटलेला, त्यात उतरवताना आणखी फाटलेला. मी ती महिनाभर ऐकली आणि मग एका संध्याकाळी टेप काखेत मारून तात्यांकडे गेलो. गुऱ्हाळ बंद होतं. ते ओट्यावर बसून बेंजोची बटणं पुसत होते. मी पहिली बाजू लावली. त्यांनी पुसणं थांबवलं नाही, पण वेग कमी होत गेला.

तिसऱ्या गाण्याच्या सुमारास त्यांनी विचारलं, ‘ह्ये कुणाचं रं?’

‘रॉक मशीनचं. मुंबईचा बँड आहे.’

‘तसं न्हाई. मूळ कुणाचं? कुठल्या पिक्चरमधलं?’

‘कुठल्याच नाही, तात्या. त्यांनीच केलंय. सगळी गाणी त्यांचीच आहेत.’

ते काही बोलले नाहीत. फडकं मांडीवर तसंच राहिलं. थोड्या वेळाने म्हणाले, ‘आन् लोकं ऐकून घेत्यात?’

‘घेतात.’

बाजू संपली, बटण खाड्‌कन वर आलं. मी उठणार तेवढ्यात त्यांनीच हात पुढे केला, कॅसेट काढली, उजेडाकडे धरून फीत सैल झाली नाही ना ते पाहिलं, आणि उलटी करून पुन्हा आत घातली.